रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस : इटलीच्या अतिजलद गाड्यांच्या भरवशावर कौटुंबिक सहल

रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस ही तिन्ही शहरे एकाच सुट्टीत, लहान मुले आणि वयस्कर मंडळींना सोबत घेऊन पाहायची असतील, तर आखणीची सुरुवात हॉटेलांपासून न करता रेल्वेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्रेनितालिया या सरकारी रेल्वे कंपनीची फ्रेच्चारोस्सा आणि २०१२ पासून तिच्याशी स्पर्धा करणारी खासगी इतालो या दोन्ही सेवांच्या गाड्या या मार्गावर दिवसभर धावतात. रोमहून फ्लोरेन्सला साधारण दीड तास आणि तेथून व्हेनिसला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. स्थानके शहरांच्या मध्यभागीच असल्यामुळे विमानतळावर जाण्यायेण्यात आणि रांगांमध्ये जाणारा अर्धा दिवस वाचतो. मोटार भाड्याने घेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. रोम आणि फ्लोरेन्सच्या जुन्या भागांत बाहेरच्या वाहनांना मज्जाव असलेली क्षेत्रे आहेत, तेथे कॅमेरे टिपून घेतात आणि दंडाची सूचना सहल संपल्यावर कधीतरी येऊन पोहोचते, तर व्हेनिसमध्ये मोटार बेटाच्या तोंडाशीच सोडावी लागते.

फ्रेच्चारोस्साच्या सर्वांत स्वस्त वर्गातही मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात आणि त्यांपैकी पुष्कळशी समोरासमोर, मध्ये टेबल असलेली असतात, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला वरच्या वर्गाचे जादा पैसे मोजण्याचे काही कारण दिसत नाही. रोमहून निघाल्यावर डाव्या हाताच्या खिडकीतून उभ्या कड्यावर वसलेले ओर्व्हिएतो दिसते, तेवढ्यासाठी मुलांना त्या बाजूला बसवावे. हा लोहमार्ग १९७७ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि त्यावर वेगमर्यादा ताशी २५० किलोमीटर आहे. गाडी ३०० पर्यंत जाते ती व्हेनिसच्या वाटेवरील फ्लोरेन्स ते बोलोन्या या पुढच्या टप्प्यात. पण तो मार्ग जवळजवळ सगळा बोगद्यांतूनच जातो, त्यामुळे डब्यातील पडद्यावर वेगाचा आकडा चढताना पाहायचा आणि बाहेर अंधार, अशी मुलांची थोडी निराशा होते.

खरी कसोटी लागते ती तिकिटांच्या बाबतीत. एकाच गाडीच्या एकाच वर्गासाठी तीन प्रकारचे दर असतात. सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि वेळही बदलता येत नाही, तर पूर्ण दराच्या तिकिटात बदलाची मोकळीक राहते. पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत नेण्याची कौटुंबिक सवलत ऐकायला आकर्षक वाटते, मात्र तीत मोठ्यांना पूर्ण दर भरावा लागतो. लवकर आरक्षण केले असता सर्वांसाठी स्वस्त तिकिटे घेणेच अनेकदा कमी खर्चाचे ठरते, म्हणून दोन्ही बेरजा करून पाहाव्यात. तिकिटे विकणाऱ्या एका त्रयस्थ संकेतस्थळाने शेवटच्या पानावर वेगळे सेवाशुल्क लावले आणि आम्हाला दोन डब्यांत विभागून जागा दिल्या, तेव्हापासून मी थेट रेल्वे कंपनीकडूनच तिकिटे घेते आणि पैसे भरण्यापूर्वी आसनांचा नकाशा उघडून पाहते.

शहरांचा क्रम वारांवरून ठरवावा लागतो. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, तर फ्लोरेन्समधील उफ्फिझी हे कलासंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा जेथे आहे ती आकादेमिया सोमवारी बंद असते. रविवारी रोम सोडणे सोयीचे वाटते खरे, पण मग सोमवार नेमका चुकीच्या शहरात उजाडतो. त्याऐवजी रविवार कोलोसिअमला, सोमवार व्हॅटिकनला आणि मंगळवारी सकाळची गाडी, ही मांडणी अधिक समंजस आहे. तरीही सोमवार फ्लोरेन्समध्ये आलाच, तर तो पिसासाठी ठेवावा. प्रादेशिक गाडीने हे अंतर तासाभराचे आहे, तिला आसन आरक्षण नसते आणि भाडे आधी काढले काय किंवा ऐन वेळी काढले काय, तेवढेच राहते; मात्र कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावे, अन्यथा वैध तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

व्हेनिसच्या नावाने दोन स्थानके आहेत, हे आरक्षण करताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे. सान्ता लुचिया खाडीवरील पुलापलीकडे, थेट मोठ्या कालव्याच्या काठी आहे. मेस्त्रेची हॉटेले स्वस्त पडतात, पण रोजचे येणेजाणे वयस्करांना शिणवते. बेटावर राहायचे तर निवास जलबसच्या थांब्याजवळच घ्यावा, कारण बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि चाकांची बॅग तेथे उचलूनच न्यावी लागते.

विमानाचे तिकीट रोमला उतरून व्हेनिसहून परतण्याचे काढले, तर रोमपर्यंतचा उलटा प्रवास टळतो. त्यात आणखी एक लाभ आहे. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात. ते बहुधा आधी जाहीर होतात आणि त्या दिवशीही ठरावीक लांब पल्ल्याच्या गाड्या चालवल्या जातात, तथापि परतीच्या विमानाच्या दिवशी आपली गाडी त्या यादीत आहे की नाही हे शोधत बसण्यापेक्षा शेवटची रात्र विमान सुटणाऱ्या शहरातच काढलेली बरी.