सिटीज: स्कायलाइन्स २ : परताव्याच्या दोन तासांत हे तपासा

शहर उभारण्याचा हा गेम घेतलात तर लगेच नवा नकाशा उघडून खेळायला बसू नका. छोट्या वस्तीत तो छान चालतो. खरं दुखणं मोठ्या शहरात बाहेर येतं आणि शहर तेवढं वाढेपर्यंत स्टीमची, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची, परताव्याची मुदत संपलेली असते. ही मुदत खरेदीपासून १४ दिवसांची असते, तीही खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तरच.

२४ ऑक्टोबर २०२३ ला गेम पीसीवर आला तेव्हा त्यात सायकली नव्हत्या. पहिला भाग मॉडवाल्यांनी (गेममध्ये स्वतः बदल आणि भर घालणाऱ्या खेळाडूंनी) वर्षानुवर्षं जगवला, तरी मॉडची सोयसुद्धा मार्च २०२४ मध्ये आली. लांबून दिसणाऱ्या वस्तूंना कमी बारकाव्यांचं मॉडेल लागतं, ते कित्येक वस्तूंना नव्हतंच. त्यामुळे रस्त्यावरच्या ठिपक्याएवढ्या माणसाचे दातसुद्धा ग्राफिक्स कार्डावर बोजा टाकत होते.

पण माझ्या मते सर्वांत मोठा दोष अर्थव्यवस्थेत होता. शहर तोट्यात गेलं की सरकारी अनुदान आपोआप खड्डा भरून काढायचं. कर वाढवा, नको तिथे खर्च करा, फारसं काही बिघडायचं नाही. शहर चालवण्याच्या गेममध्ये पैशाची काळजीच नसेल तर खेळायचं कशाशी? हे अनुदान जून २०२४ च्या अपडेटमध्ये काढलं, म्हणजे तब्बल आठ महिन्यांनी. रस्ते आखण्याची साधनं मात्र पहिल्या दिवसापासून उत्तम आहेत.

आता तपासणी. पॅराडॉक्स मॉड्स या मॉडच्या साइटवरून लाखभर वस्तीच्या शहराचा सेव्ह (कुणीतरी खेळून जपून ठेवलेलं तयार शहर) उतरवा आणि तोच लोड करा. लाँचर (गेमच्या आधी उघडणारी खिडकी) उघडा असतानाचा वेळही स्टीम मोजतं, म्हणून तो रेंगाळत ठेवू नका. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०पी करा, डेप्थ ऑफ फील्ड आणि व्हॉल्युमेट्रिक्स बंद करा, ग्लोबल इल्युमिनेशन कमी करा. मग गेमचा वेग सर्वांत जास्त करून गेममधल्या घड्याळाकडे बघा. चित्र अडखळत असेल तर सेटिंग अजून उतरवून बघता येतं. चित्र सुरळीत असूनही घड्याळ रांगत असेल तर प्रोसेसर कमी पडतोय. तिथे ग्राफिक्स कितीही उतरवले तरी फरक पडत नाही. अशा वेळी पुढच्या अपडेटची वाट न बघता पैसे परत मागा.

महागडी अल्टिमेट आवृत्ती तर घेऊच नका. तिच्यातला बीच प्रॉपर्टीज हा जोडभाग इतका तोकडा निघाला की तो पुढे सर्वांना फुकट करावा लागला. सुटा घेणाऱ्यांना परतावा देण्याचं ठरलं, पण अल्टिमेटवाल्यांच्या वाट्याला पैशांऐवजी आणखी जोडभागच आले.