एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर: घ्या, पण आधी प्लेअर मागून नीट बघा

गणपतीच्या आधी देवगडला घरी ४३ इंची टीव्ही आणला, बाबा एकदम खूश, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा प्रश्न की जत्रेतल्या दशावताराच्या डिस्क आता कशा लावायच्या. डीव्हीडी प्लेअर जुना, बारा-पंधरा वर्षांचा, पण ठणठणीत. फक्त त्याला एचडीएमआय नाही आणि नव्या टीव्हीला एव्हीची, म्हणजे पिवळी-लाल-पांढरी भोकं नाहीत, मागे तीन एचडीएमआय आणि हेडफोनसारखं एक बारीक भोक. त्या भोकातून पण एव्ही जातं, पण टीव्हीला जुळणारी छोटी वायर लागते, ती खोक्यात नव्हतीच. मी जुन्या हँडीकॅमची तशीच दिसणारी वायर घातली तर चित्र नाही आणि स्पीकरमधून नुसतं घर्रर्र. नंतर कळलं की पिन दिसायला सारखी असली तरी त्यावरच्या कड्यांचा क्रम सगळीकडे एक नसतो, त्यामुळे चित्राचा सिग्नल आवाजाच्या जागी जातो.

मग ऑनलाइन कन्व्हर्टरचा छोटा डबा मागवला, पाचशेच्या आत मिळतो. पहिल्यांदा माझीच चूक, एचडीएमआय टू एव्ही मागवला. दोन्ही डबे दिसायला जुळे भाऊ, पण सिग्नल एकाच दिशेने जातो, उलटा लावून काही होत नाही. फोटोत बघून घ्या, 'इनपुट' लिहिलंय त्या बाजूला तीन रंगांची भोकं पाहिजेत. परत पाठवून बरोबरचा यायला आठवडा गेला, आमच्या वाडीत कुरियरवाला येत नाही, फोन करून स्टँडवर बोलावतो.

बरोबरचा डबा लावला तर चित्र आलं, पण ब्लॅक अँड व्हाइट. मी लगेच एक स्टारचा रिव्ह्यू टाईप करायला घेतला होता, खरंच. डब्यावरचं पाल-एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती) बटण इकडे तिकडे केलं, प्लेअरमध्ये पण पाल करून बघितलं, तरी तेच. शेवटी टॉर्च घेऊन प्लेअरच्या मागे बघितलं. खाडीचा वारा घरात येतो त्यामुळे सगळ्या सॉकेटवर हिरवट थर, रंगाच्या रिंगा ओळखूच येत नाहीत, आणि माझी पिवळी पिन गेली होती हिरव्या कंपोनंटच्या सॉकेटमध्ये. त्यातून फक्त उजेड-अंधाराचा सिग्नल येतो, रंग शेजारच्या निळ्या-लालमधून जातात. प्लग काढून ठेवून सगळी सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसली, वाळू दिली, पिन खऱ्या पिवळ्यात घातली आणि दशावतारातला संकासूर रंगात आला.

तेवढ्यात बाबा, "रे झिला, ह्यो राजा इतको जाडो कसो झालो?" डिस्कवरचं चित्र जुन्या टीव्हीच्या आकाराचं, चार बाय तीनचं, आणि डबा ते ताणून सगळा पडदा भरतो. डब्यात याला काही सेटिंग नाही, पण आमच्या टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ४:३ सापडलं, राजा बारीक झाला. तुमच्या टीव्हीला एचडीएमआयवर ते मिळतंय का आधी बघा, नाहीतर सगळा दरबार बसका दिसेल.

पॉवरचं पण सांगतो. डब्याला यूएसबीची वायर येते, मी ती टीव्हीलाच लावली होती तर मध्येच चित्र जाऊन परत यायचं. जुन्या मोबाइलच्या चार्जरला लावल्यापासून त्रास नाही. ओठ आणि आवाज यात किंचित फरक वाटतो, मला वाटतो म्हणजे, घरात बाकी कोणाला वाटला नाही. क्वालिटीची अपेक्षा ठेवू नका, डब्यावर १०८० लिहिलंय म्हणून २००८ ची जत्रा काही हायडेफिनिशन होत नाही, मोठ्या स्क्रीनवर उलट जास्तच भुरकट दिसते.

आणि ज्यांच्या प्लेअरला एचडीएमआय आहे त्यांनी हा डबा घेऊच नये, सरळ वायर टाका. शेजारच्या काकांकडे तसं केलं तर पिक्चर दिसतो, आवाज शून्य, काकी म्हणे "आवाज खंय गेलो?" प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'रॉ' होतं, म्हणजे डिस्कवरचा डीटीएस पद्धतीने साठवलेला आवाज आहे तसाच टीव्हीकडे जात होता आणि त्यांच्या टीव्हीला तो कळत नव्हता. 'पीसीएम', म्हणजे टीव्हीला कळणारा साधा आवाज, केलं, झालं, दोन मिनिटांचं काम. ते बिचारे नवीन साउंडबार घ्यायला कणकवलीला निघाले होते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो डब्यावरच्या निळ्या लाइटसाठी, बंदच होत नाही, रात्री अख्ख्या माजघरात उजेड. आईने त्यावर टिकली चिकटवलीय.