स्लीपग्राफ: लॅपटॉप झोपताना-उठताना कोणता ड्रायव्हर अडतो ते दाखवणारं साधन

लिनक्स लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि लॉक स्क्रीन यायला चार सेकंद लागले, तर दोष कोणाला द्यायचा? ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला, यूएसबीला, वायफायला की फर्मवेअरला? उत्तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये असतं, पण तिथे ढीगभर उपकरणांच्या ओळी एकमेकांत मिसळलेल्या असतात. त्यातली बरीच उपकरणं एकाच वेळी उठतात, त्यामुळे ओळींच्या क्रमावरून फारसं काही हाती लागत नाही. हा गुंता उलगडायला इंटेलच्या टॉड ब्रँट यांनी लिहिलेलं स्लीपग्राफ आजही सगळ्यात कामाचं साधन आहे. ते पीएम-ग्राफ या संचात मिळतं, परवाना जीपीएल आवृत्ती २, पैसे शून्य. कर्नलच्या सोर्समध्येच 'टूल्स/पॉवर/पीएम-ग्राफ' या फोल्डरात त्याची प्रत असते. आमच्या मते पाचपैकी चार गुण. एक गुण कुठे कापला ते पुढे येईलच.

बसवणं सोपं आहे. रेपो क्लोन करा, 'मेक इन्स्टॉल' चालवा, झालं. पायथन ३ लागतं आणि चालवताना रूट अधिकार लागतात. डिस्ट्रोच्या तयार कर्नलमध्ये हवे ते पर्याय बहुतेक चालू असतात. कर्नल स्वतः बांधत असाल तर पीएम डीबग, पीएम स्लीप डीबग, एफट्रेस (कर्नलमधल्या घडामोडी वेळेसकट नोंदवणारी सोय), फंक्शन ग्राफ ट्रेसर आणि केप्रोब्स (चालू कर्नलमध्ये हव्या त्या जागी नोंद लावायची सोय) हे चालू आहेत ना ते बघा. केप्रोब्स नसतील तर साधन चालतं, पण त्याचा सगळ्यात उपयोगी भाग, म्हणजे 'डेव्ह' मोड, गळून पडतो.

पहिल्यांदा 'मोड्स' हा पर्याय देऊन मशीनला कोणकोणत्या झोपा येतात ते विचारा. इथेच अनेकजण फसतात. 'मेम' म्हटलं की एस३, म्हणजे रॅम सोडून बाकी सगळं बंद, असं गृहीत धरलं जातं. पण अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून एस३ काढूनच टाकलंय. अशा मशीनवर 'मेम' मागितलं तरी मिळते ती सस्पेंड-टू-आयडल, म्हणजे एसटूआयडल. 'सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही फाइल उघडली की चौकटी कंसात असलेला शब्द म्हणजे सध्या निवडलेला प्रकार. चाचणीआधी तो वाचल्याशिवाय पुढचे आकडे कशाचे आहेत हेच कळणार नाही.

मग मोड 'मेम' किंवा 'फ्रीझ' देऊन साधन चालवायचं. ते आरटीसीला (मशीन बंद असतानाही चालणाऱ्या घड्याळाला) गजर लावतं, मशीन झोपवतं आणि ठरल्या वेळी उठवतं. हा गजर मुळात १५ सेकंदांचा असतो. तो झोपायला सुरुवात होण्याआधी लागतो, त्यामुळे हळू झोपणाऱ्या मशीनवर झोप पूर्ण व्हायच्या आतच गजर वाजून प्रयत्न मोडू शकतो. ३० सेकंद ठेवलेले बरे. 'सिंक' हा पर्यायही जोडा, म्हणजे डिस्कवर लिहायचं राहिलेलं आधीच लिहून होतं आणि तो वेळ ड्रायव्हरच्या खात्यात पडत नाही.

चाचणी संपली की तारीख-वेळेच्या नावाचा फोल्डर तयार होतो. त्यात एक एचटीएमएल फाइल, कर्नल लॉगची एक फाइल आणि एफट्रेसची एक फाइल. एचटीएमएल ब्राउझरमध्ये उघडा. वर झोपायला आणि उठायला लागलेला कर्नलचा एकूण वेळ मिलिसेकंदांत, खाली डावीकडून उजवीकडे जाणारी टाइमलाइन, आणि तिच्यावर प्रत्येक उपकरणाची एक पट्टी. पट्टीवर क्लिक केलं की त्या उपकरणाने कोणत्या टप्प्यात किती वेळ घेतला ते खाली उलगडतं.

टप्पे समजले नाहीत तर हा आलेख नुसता रंगीत पट्ट्यांचा पसारा वाटेल. झोपताना क्रम असा: प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड लेट, सस्पेंड नोआयआरक्यू. उठताना उलटा: रिझ्यूम नोआयआरक्यू, रिझ्यूम अर्ली, रिझ्यूम आणि शेवटी कंप्लीट. झोपताना आधी मुलं, मग आई-बाप: यूएसबी माउस आधी, तो ज्या हबवर आहे तो नंतर, आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी. उठताना कंट्रोलर आधी. हे नातं चुकीचं नोंदलेलं असेल, किंवा आडवं अवलंबित्व (समजा पॅनेलचं, दुसऱ्याच चिपवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर) डिव्हाइस लिंकने कर्नलला सांगितलेलंच नसेल, तर गडबड इथून सुरू होते. स्लीपग्राफमध्ये हा क्रम डोळ्यांना दिसतो. लॉग वाचून तो डोक्यात जुळवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं आहे.

आता वाचण्याची खरी किल्ली. पट्टी म्हणजे ड्रायव्हरच्या कॉलबॅकमध्ये (त्या टप्प्यासाठी कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) गेलेला वेळ. पट्टीच्या आधीची रिकामी जागा म्हणजे बहुतेक वेळा वाट पाहणं, कारण उपकरण आपल्या पालकाची किंवा मुलांची वाट बघतं ते कॉलबॅक सुरू होण्याआधी, आणि ट्रेसचा ठसा उमटतो फक्त कॉलबॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी. म्हणून उशिरा सुरू झालेली पट्टी बघून त्या ड्रायव्हरला दोष देऊ नका. त्याच्या वरच्या पालकाची पट्टी शोधा.

'डेव्ह' पर्याय दिला की पट्टीच्या आत आणखी तुकडे दिसतात: एमस्लीप आणि यूडिले (ठरावीक वेळ थांबवणारी कर्नलची फंक्शनं), म्युटेक्ससाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपासाठी) थांबणं वगैरे. समजा टचपॅडच्या रिझ्यूमची पट्टी ३२० मिलिसेकंदांची आहे. साध्या मोडमध्ये एवढंच कळेल. 'डेव्ह' मोडमध्ये त्यात ३०० मिलिसेकंदांचा एक सपाट एमस्लीप दिसला, तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याने डेटाशीटमधला सगळ्यात वाईट आकडा जसाच्या तसा टाकलाय हे उघड होतं. तिथे चिपची 'तयार' खूण बघून पुढे जाता येतं का ते तपासायचं. आणि एक बारीक गोष्ट: छोटे एमस्लीप ओळीने दिसले तर तेही दुर्लक्षू नका. एमस्लीप जिफीवर, म्हणजे कर्नलच्या टायमरच्या ठोक्यांवर, चालतो. एक मिलिसेकंद मागितला तरी १०० हर्ट्झच्या कर्नलवर तो २० मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकतो. रजिस्टरांच्या यादीत प्रत्येक नोंदीमागे असा एक टाकला असेल तर बघता बघता अर्धा सेकंद जातो. १० मायक्रोसेकंद ते २० मिलिसेकंद या पट्ट्यात यूस्लीप रेंज हे फंक्शन वापरावं असं कर्नलचं डॉक्युमेंटेशनही सांगत आलंय.

समांतर उठवण्याबद्दल एक गैरसमज आहे. ड्रायव्हरला असिंक (इतरांबरोबर समांतर चालणारा) केलं की काम झालं असं वाटतं. त्याने बाकीच्यांची रांग मोकळी होते, हे खरं. पण टप्पा संपतो तो त्यातलं शेवटचं उपकरण उठल्यावर, आणि गोठवलेले प्रोग्रॅम चालू होतात ते सगळे टप्पे संपल्यावर. म्हणजे एक उपकरण दोन सेकंद घेत असेल तर ते असिंक असूनही माणूस दोन सेकंद थांबतो. खरा उपाय म्हणजे कॉलबॅकमधून लगेच परतायचं आणि लांबणारं काम मागे चालू ठेवायचं. २०१४ सालच्या ३.१५ कर्नलमध्ये एटीए डिस्कच्या बाबतीत हेच झालं. आधी डिस्क फिरायला लागेपर्यंत सगळं मशीन अडून राहायचं. त्या बदलानंतर डिस्क मागे जागी होऊ लागली, आणि तिच्यावरून काही वाचायचं असेल त्यालाच थांबावं लागू लागलं. त्या कामातही ब्रँट होते.

नोआयआरक्यू टप्प्यातली लांब पट्टी दिसली तर कान टवकारा. या टप्प्यात उपकरणांचे इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेल्या हाका) बंद असतात. कोणी तिथे आयटूसी किंवा एसपीआय या चिपांना जोडणाऱ्या वाहिन्यांवरून व्यवहार करायला गेला आणि कंट्रोलर इंटरप्टवर चालणारा असला, तर उत्तर कधी येतच नाही. ड्रायव्हर टाइमआउट होईपर्यंत बसून राहतो. ओळखायची खूण: पट्टीची लांबी साधारण गोल आकड्याची असते, १००० मिलिसेकंद वगैरे. उलट बाजूचा प्रकार म्हणजे कंट्रोलर अजून झोपलेला असताना टचपॅडचा इंटरप्ट येतो, हॅंडलर (त्या इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) वाचायला जातो, आणि लॉगमध्ये 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड' असा इशारा व उणे १०८ ही चूक येते. उपाय दोन ठिकाणी आहे: टचपॅडच्या सस्पेंडमध्ये इंटरप्ट बंद करायचा आणि रिझ्यूममध्ये चालू करायचा, किंवा कंट्रोलरला उशिराच्या टप्प्यात झोपवून लवकरच्या टप्प्यात उठवायचं. 'इंटरप्ट झोपेतही चालू ठेवा' हा झेंडा लावून वेळ मारून नेणं हा मात्र उपाय नाही. तो टायमरसारख्या मोजक्या गोष्टींसाठी आहे. मशीन उठवायचं असेल तर इंटरप्टला वेकअप म्हणून नोंदवायची वेगळी सोय आहे.

आता मर्यादा. एसटूआयडलमध्ये स्लीपग्राफचा आलेख अगदी देखणा येऊ शकतो, झोपायला अर्धा सेकंद, उठायला त्याहून कमी, आणि तरी रात्रभरात बॅटरी निम्मी रिकामी! कारण इथे झोप म्हणजे सगळी उपकरणं गप्प बसली की प्रोसेसरने आपणहून सगळ्यात खोल अवस्थेत जाणं. एक जरी उपकरण डी३ (उपकरणाची बंद अवस्था) किंवा तशाच पुरेशा खोल अवस्थेत गेलं नाही तरी तो वरच अडकू शकतो. हे ड्रायव्हरच्या वेळेत दिसत नाही. टर्बोस्टॅटची (प्रोसेसरच्या अवस्था मोजणाऱ्या साधनाची) जोड दिली तर इंटेलच्या मशीनवर सिस्टिम खोल अवस्थेत किती टक्के होती ते निकालात येतं. तो आकडा शून्य असेल तर आलेख कितीही छान दिसो, झोप लागलेलीच नाही. ६.४ कर्नलपासून 'सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स' मध्ये 'लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप' ही फाइल आली. इंटेल आणि एएमडी दोन्हीवर ती वाचणं सोपं. संशयितांत एनव्हीएमई डिस्क वर ठेवा: ५.३ कर्नलपासून एसटूआयडलमध्ये डिस्कला सरसकट डी३ मध्ये न ढकलता तिच्याच पॉवर स्टेट वापरल्या जातात, आणि जिथे डी३ हवाच तिथे फर्मवेअरने 'स्टोरेज डी३ एनेबल' हा गुणधर्म सांगायचा असतो. तो चुकला की डिस्क बॅटरी खात राहते.

दुसरी मर्यादा मोठी, आणि गुण इथेच कापला. मशीन झोपेतून उठलंच नाही तर स्लीपग्राफकडे दाखवायला काही नसतं. आलेख बनतो तो उठल्यानंतर. अशा वेळी आधी 'सिस/पॉवर/पीएम_टेस्ट' मध्ये फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर अशा पायऱ्या एकेक करून लिहा आणि दर वेळी झोपवून बघा. प्रत्येक पायरीवर कर्नल ५ सेकंद थांबून परत येतो. 'फ्रीझर' पार झालं आणि 'डिव्हाइसेस' वर लटकलं, तर ड्रायव्हरच. मग कर्नलला 'नो कन्सोल सस्पेंड' हा पर्याय देऊन सिरियल कन्सोल (तारेवरून दुसऱ्या मशीनवर लॉग दाखवणारी सोय) लावा. सगळं थकलं तर 'पीएम_ट्रेस': तो शेवटच्या उपकरणाची खूण आरटीसीच्या घड्याळात लपवतो, त्यामुळे मशीनची वेळ बिघडते. ती नंतर आठवणीने लावा. झोपायला नकार देऊन मशीन परत आलं असेल तर मात्र 'सस्पेंड_स्टॅट्स' मधलं 'लास्ट_फेल्ड_डेव्ह' आधी वाचा, पुष्कळदा तिथेच काम होतं.

कॉलग्राफ मोड, म्हणजे प्रत्येक फंक्शनची नोंद, शेवटचा उपाय म्हणून ठेवा. नोंदीचाच भार एवढा पडतो की आकडे फुगतात. त्यातून मार्ग शोधायचा, वेळ मोजायचा नाही. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये (कडक सुरक्षेच्या अवस्थेत) असेल तर 'डेव्ह/मेम' ही मशीनची मेमरी दाखवणारी फाइल वाचता येत नाही, आणि म्हणून एस३ मधला फर्मवेअरचा वेळ आलेखात येत नाही. वर्णनाच्या पानांवर पर्यायांची नुसती यादी आहे, कोणता कधी वापरायचा हे नवख्याला कळत नाही. 'कॉन्फिग' फोल्डरमधल्या तयार फायलींपासून सुरुवात केली तर बरं.

एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका. 'मल्टी' पर्यायाला २० वेळा, दर ५ सेकंदांच्या अंतराने, असं सांगितलं की शेवटी सगळ्या फेऱ्यांचं एक सारांशपान मिळतं. अधूनमधून अडणारं उपकरण तिथेच सापडतं. 'एक्स२' पर्याय लागोपाठ दोनदा झोपवतो: पहिल्यांदा उठल्यावर मागे चालू राहिलेलं काम दुसऱ्या झोपेला अडवतं का ते त्यात दिसतं. कॉलबॅकमधून लवकर परतणारा ड्रायव्हर लिहिला असेल तर ही चाचणी चुकवूच नका.

बग कळवताना एचटीएमएलबरोबर लॉग आणि एफट्रेसच्या दोन्ही फायली जोडा. त्या दोन फायली दिल्या की समोरचा आपल्या मशीनवर आलेख पुन्हा बनवू शकतो आणि किती मिलिसेकंदांखालच्या पट्ट्या गाळायच्या ते स्वतः ठरवू शकतो. मात्र 'डेव्ह' न देता नोंद केली असेल तर आतले तुकडे नंतर आणता येत नाहीत, तेव्हा पाठवायची फेरी 'डेव्ह' सकटच करा. लॉगमध्ये मशीनचं नाव, वायफायचा मॅक पत्ता आणि यूएसबी उपकरणांचे सिरियल क्रमांक असतात. चव्हाट्यावर टाकण्याआधी ते पुसून घ्या.