वीस लिटरचा सोलो मायक्रोवेव्ह आणि शनिवारचं चॉकलेट : आठ महिन्यांनंतर

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सव्वासातला मायक्रोवेव्हच्या आत, उजव्या भिंतीवर, निळसर ठिणग्या उडायला लागल्या. चटचट आवाज आणि जळक्या साखरेचा वास. मी प्लग ओढला. आठ माणसं तासाभरात यायची होती आणि गोडाची जबाबदारी माझी होती. या ओव्हनचा अनुभव डिसेंबरात अर्धा लिहून ठेवला होता, तेव्हा पाचपैकी चार तारे द्यायचं ठरलं होतं. आता तो बराचसा खोडून पुन्हा लिहिते आहे.

ओव्हन कुठला हे विचारू नका, या किमतीतले सगळे भावंडांसारखेच आहेत. वीस लिटर, सोलो म्हणजे ग्रिल नसलेला साधा मायक्रोवेव्ह, ७०० वॅट, दोन गोल डायल, आत फिरणारी काचेची ताटली. दसऱ्याच्या सेलमध्ये ५,९०० रुपयांना घेतला. शेजारीच डिजिटल बटणांचा ७,१०० ला होता. बाराशे रुपये वाचवले म्हणून मी तेव्हा खूश होते.

घेतला तो मुख्यतः चॉकलेटसाठी. नाशिकमध्ये आमचा ट्रेकचा ग्रुप आहे, रविवारी पहाटे रामशेज, अंजनेरी, कधी हरिहर. आदल्या रात्री आमच्याकडे जमायचं, गाड्या ठरवायच्या, गप्पा मारायच्या. जेवण ज्याने त्याने घरी करून यायचं, गोड आमच्याकडे. त्यातले चौघं शनिवारी अंडं खात नाहीत, मारुतीचा वार. त्यामुळे जे करायचं ते बिनअंड्याचं, अर्ध्या तासात होणारं आणि ऑफिसातून सहाला घरी आल्यावर जमणारं हवं.

आता डायलबद्दल. मला याबद्दल सविस्तर लिहायचंय, कारण दुकानात कोणीही हे सांगत नाही.

वेळेचा डायल तीस मिनिटांचा आहे. भात गरम करायला, बटाटे उकडायला उत्तम. चॉकलेट वितळवायला मात्र वीस-तीस सेकंदांचे टप्पे लागतात: फिरवा, थांबा, ढवळा, परत फिरवा. या डायलवर अर्धं मिनिट म्हणजे शून्याच्या शेजारची एक रेघ, तीही नीट छापलेली नाही. पुस्तिकेत लिहिलंय की दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ हवी असेल तर डायल आधी दोनच्या पुढे न्या आणि मग मागे आणा. तसं करूनही मी फोनच्या स्टॉपवॉचवर मोजलं. एक मिनिट लावलं की घंटा कधी ४८ सेकंदांना वाजते, कधी ७१ ला. भाजीला याने काही बिघडत नाही, चॉकलेटला बिघडतं. डार्क चॉकलेट पन्नास अंशांच्या वर नेऊ नये, दुधाचं त्याहून आधीच नासतं. शिवाय चॉकलेटचे तुकडे आतून वितळले तरी बाहेरून आकार धरून राहतात. बघणाऱ्याला वाटतं अजून झालं नाही, आणि मधला तुकडा आतून करपलेला असतो.

दुसरा डायल पॉवरचा. त्यावरचं ‘मीडियम’ म्हणजे लहरी निम्म्या जोराने येतात असं मला वाटायचं. तसं नाही. या साध्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, काही सेकंद पूर्ण जोराने चालतो आणि काही सेकंद बंद राहतो, त्याची सरासरी म्हणजे मीडियम. कान देऊन ऐकलंत तर कळतं: घरघर जड झाली की चालू, हलकी झाली की नुसता पंखा. माझ्याकडे हे एक आवर्तन साधारण अर्ध्या मिनिटाचं आहे. म्हणजे वीस सेकंद लावले तर कधी सगळे वीस पूर्ण जोराचे मिळतात, कधी निम्मेच. आधी डायल चुकीचा, त्यात हे. पहिल्या दोन महिन्यांत मी तीन वेळा मिळून जवळपास अर्धा किलो चॉकलेट कचऱ्यात टाकलं. वाचवलेल्या बाराशेतले पैसे तिथून जायला लागले.

यावर मी काढलेला मार्ग असा: डायल सरळ तीन मिनिटांवर लावायचा, वेळ फोनवर बघायची आणि हवं तेव्हा दार उघडायचं. पण एक लक्षात ठेवा. दार उघडल्यावर डायल तिथेच थांबतो, शून्यावर जात नाही. भांडं काढून सवयीने दार लावलंत की रिकामा ओव्हन चालू होतो आणि रिकामा चालवणं त्याला घातक असतं. माझ्याकडून दोनदा झालं. दार लावायच्या आधी डायल हाताने शून्यावर आणा.

डायलच्या बाजूने बोलायचं तर वीज गेली-आली की घड्याळ लावत बसावं लागत नाही आणि सासूबाई चष्म्याशिवाय दूध गरम करतात. त्यांना डिजिटल नकोच होता.

पदार्थांकडे येते. सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, मगातला केक. चार चमचे मैदा, दोन चमचे कोको, तीन चमचे साखर, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, चार चमचे दूध, दोन चमचे तेल. सव्वा मिनिटात फुगून वर येतो. एकट्या माणसाला ठीक. आठ जणांना एकेक मग लावत बसले तर दहा मिनिटं जातात, आणि मायक्रोवेव्हचा केक गार होताना चिवट होतो. आठवा मग तयार होईतो पहिला रबरासारखा. ग्रुपसाठी मग वापरू नका.

त्याऐवजी काचेच्या मोठ्या वाडग्यात एकच केक. इथेही पहिल्यांदा कडा कोरड्या आणि मधोमध खीर अशी अवस्था झाली, कारण लहरी बाहेरून आत पोचतात आणि मधला भाग शेवटपर्यंत मागे राहतो. उपाय सोपा निघाला. वाडग्याच्या मध्यभागी काचेचा पेला उभा ठेवायचा आणि मिश्रण त्याच्या भोवती ओतायचं. केक कड्यासारखा होतो, मधला भागच उरत नाही. माझ्या ओव्हनमध्ये साडेचार मिनिटं पूर्ण पॉवर. वरचा पृष्ठभाग किंचित ओला दिसत असतानाच थांबायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं. यासाठी ओव्हनला पूर्ण गुण, आणि साडेचार मिनिटं डायललाही जमतात.

डिसेंबरात लिहिलेले चार तारे या केकमुळे होते. जानेवारीत मात्र मला कळलं की चॉकलेट थेट ओव्हनमध्ये वितळवावं लागतच नाही. फ्रेश क्रीम पाकिटातून काचेच्या वाडग्यात काढून ओव्हनमध्ये गरम करायचं, उकळायचं नाही, कडेला बुडबुडे आले की पुरे. बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ते ओतायचं आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधून सुरुवात करून छोट्या गोलात ढवळत बाहेर जायचं. क्रीम थोडी कमीजास्त तापली तरी चालते, म्हणून डायलची कटकट इथे संपते. २०० मिली क्रीमला २०० ग्रॅम डार्क चॉकलेट. स्टीलच्या वाटीत मारी बिस्किटांचा चुरा, वर हे मिश्रण, परत चुरा, परत मिश्रण, चिमूटभर मीठ. फ्रिजमध्ये अर्धा तास. अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के फॅट असतं, त्यामुळे ती फेटून फुगत नाही, पण या कामाला पुरते. फेटायच्या क्रीमसाठी दुप्पट पैसे घालू नका.

चमचा पूर्ण कोरडा असू द्या. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन थेंब पाणी गेलं तर त्यातले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा लगदा दाणेदार, घट्ट होतो. तो टाकू नका, मी आधी टाकत होते. त्यात गरम दूध थोडं थोडं घालत ढवळलं की पुन्हा गुळगुळीत होतं. त्याची वडी होणार नाही, पण आइस्क्रीमवर ओतायला छान सॉस होतो.

आता ज्या पदार्थाने ओव्हन बिघडला तो. ब्रिगेदेरो, ब्राझीलमधली वाढदिवसाची मिठाई. तिचं नाव ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस यांच्यावरून पडलं. १९४५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते उमेदवार होते, निवडणूक हरले आणि लाडू मागे राहिले. कंडेन्स्ड मिल्कचा डबा, तीन चमचे कोको, एक चमचा लोणी. आटवून गार करायचं आणि वळायचं. आपल्याला हे हातातलंच काम, खवा आटवून पेढे वळणाऱ्याला शिकवायची गरज नाही. मायक्रोवेव्हमध्ये ते सहा-सात मिनिटांत आटतं, म्हणून मी दर दुसऱ्या शनिवारी करायला लागले. पण कंडेन्स्ड मिल्क तिथे एकदम उसळतं आणि शिंतोडे भिंतीवर उडतात. मी ताटली धुवायची, तळ पुसायची. उजव्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा मात्र कधी पुसला नाही. तो अभ्रकाचा पत्रा असतो, सगळे त्याला मायका शीट म्हणतात. त्याच्यामागून लहरी आत येतात. त्यावर साखर आणि तूप बसलं की ते तापतं, करपतं, काळं होतं आणि त्या काळ्या डागावर ठिणग्या उडतात. मे महिन्यात झालं ते हेच.

सर्व्हिस सेंटरचा माणूस चौथ्या दिवशी आला. ओव्हन वॉरंटीत होता, आठवा महिना. त्याने दार उघडलं, आत टॉर्च मारला आणि मॅग्नेट्रॉन गेलाय म्हणाला. ३,२०० रुपये, शिवाय येण्याचे ४५०. वॉरंटीत का नाही, तर आत पदार्थ सांडला आहे. मी म्हटलं, अहो, पाणी तर अजून तापतंय, मग मॅग्नेट्रॉन गेला कसा? त्याच्यासमोर पेलाभर पाणी दोन मिनिटांत गरम करून दाखवलं. त्यावर, ‘मॅडम, आज चालतोय, उद्या बंद पडेल.’ फोनवर तीन वेळा तक्रार नोंदवली, तीन वेगळे नंबर मिळाले आणि तिन्ही तक्रारी ‘ग्राहकाने दुरुस्ती नाकारली’ म्हणून बंद केल्या. मी दुरुस्ती नाकारली नव्हती, चुकीचं निदान नाकारलं होतं. ते ४५० रुपये अजून परत आलेले नाहीत आणि मी ते सोडलेले नाहीत.

शेवटी मेन रोडजवळच्या बोळातल्या मिक्सर-गीझर दुरुस्तीवाल्याकडे ओव्हन नेला. त्याने पत्रा ओढून काढला, मागची जागा पुसली, मोठ्या शीटमधून कात्रीने त्याच मापाचा तुकडा कापून बसवला. ‘ताई, दर वेळी हा ओल्या फडक्याने पुसायचा, घासायचा नाही.’ दीडशे रुपये. पत्रा आतूनच निघतो, त्यासाठी ओव्हनचं बाहेरचं आवरण उघडावं लागत नाही. ते घरी उघडूही नका, आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

आता त्या सव्वासातच्या शनिवारी केलं काय, ते. घरात १५० ग्रॅमची अमूलची ५५ टक्के डार्कची वडी होती. क्रीम नव्हतं, बाहेर उकाडा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांची एक रीत मला माहीत होती, पण विश्वास नव्हता: चॉकलेट आणि पाणी, बस. पातेल्यात ९० मिली पाणी गरम केलं, गॅस बंद केला, चॉकलेटचे तुकडे घालून ढवळलं. दोन थेंब पाण्याने बिघडणारं चॉकलेट एवढ्या पाण्यात गुळगुळीत झालं. मग ते पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून फेटायला लागले. तीन मिनिटं नुसतं पातळ. चौथ्या मिनिटाला रंग फिकट झाला, फेटणीच्या रेघा उमटायला लागल्या आणि अर्ध्या मिनिटात मूस, म्हणजे फेसाळ हलकं चॉकलेट, तयार. चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे त्याचं फॅट, गार होताना घट्ट होतं आणि फेटलेली हवा धरून ठेवतं, जी कामगिरी एरवी क्रीमचं फॅट करतं. अंडं नाही, दूध नाही, जिलेटिन नाही. पहिल्या खेपेला मी जास्त फेटलं आणि ते रवाळ झालं. पुन्हा गरम करून चमचाभर पाणी घातलं आणि परत फेटलं, सुधारलं. घट्टच होत नसेल तर उलट, गरम करून चॉकलेटचे दोन तुकडे वाढवा.

एकाच वडीत आठ छोट्या वाट्या भरल्या. वर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि मिठाचे दाणे. ग्रुपमधल्या एका वहिनींनी दोनदा विचारलं की क्रीम कुठलं वापरलंस. गुडघेदुखीमुळे हल्ली ट्रेकला न येणारे, फक्त शनिवारी येणारे आमचे काका वाटी पुसून खात होते. त्यांना दूध पचत नाही, म्हणून आठ महिने ते माझ्याकडचं गोड नको म्हणत आले होते. मला ते वाईट वाटायचं. त्या रात्री त्यांनी दुसरी वाटी मागितली.

हाच मूस नंतर बेकरीवाल्या कंपाउंड स्लॅबने करून पाहिला, कारण तो निम्म्या किमतीत मिळतो. बसला नाही, आणि जिभेवर मेणासारखा थर राहिला. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती फॅट असतं, पाकिटावरची घटकांची यादी वाचा. बिस्किटं बुडवून काढायला, मे महिन्यात बाहेर टिकायला ते चांगलं. मूससाठी पैसे खऱ्या चॉकलेटवर घाला, तसाही इथे क्रीमचा खर्च वाचतोच.

तर तारे तीन. केकचं कडं आणि क्रीम गरम करणं यासाठी दोन, सासूबाईंसाठी एक. डायलचा एक तारा मी कापला आणि सर्व्हिसचा एक. चॉकलेटसाठी म्हणून घेणार असाल तर बाराशे रुपये जास्त द्या आणि सेकंद लावता येणारी बटणं घ्या. ब्रिगेदेरो आता मी जाड बुडाच्या कढईत गॅसवर करते, बारा मिनिटं लागतात आणि भिंती स्वच्छ राहतात. येत्या शनिवारी मूसच आहे, काकांनी कालच फोन करून विचारून घेतलं.