‘इथेच तोड’ की ‘इथे तोडू नकोस’? वेबपान छापताना पेज ब्रेकचा प्रश्न

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त एकदा मी ब्राउझरमधून छापलं. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांच्या रेघा तिसऱ्या पानावर एकट्याच जाऊन बसल्या. बाकी पान कोरं. कोऱ्या कागदावर सही करायला दोघंही तयार होईनात, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हापासून प्रिंटची स्टाईलशीट (पान कसं दिसावं ते सांगणारे सीएसएस भाषेतले नियम) लिहिताना पहिला प्रश्न हाच असतो: पान कुठे तोडायचं ते आपण सांगायचं, की कुठे तोडायचं नाही तेवढंच? पहिल्यासाठी ‘ब्रेक-बिफोर: पेज’, दुसऱ्यासाठी ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’. (कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत.)

पहिला हुकूम आहे, तो पाळला जातो. मेंटेनन्सची बिलं, गुणपत्रिका, पावत्या अशा एकेकाच्या हातात सुट्या द्यायच्या कागदांना तोच हवा. फक्त ‘ब्रेक-आफ्टर: पेज’, म्हणजे ठोकळ्यानंतर पान तोडणं, टाळा. शेवटच्या बिलामागे एखादा रिकामा डिव्ह (वेबपानातला मजकुराचा ठोकळा) किंवा फूटर राहून गेला, तर तो स्वतःसाठी आणखी एक पान खातो. त्यापेक्षा पहिलं बिल सोडून पुढच्या प्रत्येकाला ‘ब्रेक-बिफोर’ द्या.

सलग मजकुरात मात्र हा हुकूम अंगाशी येतो. प्रिव्ह्यू बघून ‘हा परिच्छेद पुढच्या पानावर बरा दिसेल’ म्हणून घातलेला ब्रेक फक्त आपल्या मशीनपुरता खरा असतो. दुसऱ्याकडे देवनागरीचा फॉन्ट वेगळा निघाला की ओळींची उंची बदलते. कागदाचंही तेच. आपला ए४ २९७ मिलिमीटर उंच, अमेरिकेतला लेटर साधारण २७९. म्हणजे पानामागे दोन-तीन ओळी कमी. न्यू जर्सीतल्या भावाने तीच फाइल छापली, तर त्या ओळी पुढच्या पानावर सांडतात, लगेच आपला ब्रेक येतो आणि उरलेलं पान वाया.

‘अव्हॉइड’ ही विनंती आहे. ठोकळा पानापेक्षा मोठा असेल तर ब्राउझर तो तोडणारच. पण कागद कुठलाही असो, ती लागू राहते, म्हणून सलग मजकुरासाठी माझा कौल तिलाच. तक्त्याच्या ओळी, मथळ्यासकट चित्र आणि सह्यांचा ठोकळा यांना ती द्या, अख्ख्या तक्त्याला नको. तक्ता मोठा असला की आधीचं पान अर्धं रिकामं सुटतं. तक्त्याची शीर्षकओळ ‘टीहेड’ या शीर्षकाच्या टॅगमध्ये ठेवली असेल तर बहुतेक ब्राउझर ती पुढच्या पानावर पुन्हा छापतात, त्यामुळे तक्ता तुटला तरी बिघडत नाही.

शीर्षकाचं दुखणं वेगळं. ते पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर, असं होऊ नये म्हणून ‘ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड’ आहे, पण क्रोमने छपाईत ते मानायला सुरुवात केली २०२२मध्ये, आवृत्ती १०८पासून. मी शीर्षक आणि त्याखालचा परिच्छेद एकाच डिव्हमध्ये घालून त्याला ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ देतो. दिसायला गावठी, पण चालतं. परिच्छेदाच्या सुट्या पडलेल्या ओळींसाठी ‘ऑर्फन्स’ आणि ‘विडोज’ आहेत (पानाच्या तळाशी आणि पुढच्याच्या माथ्याशी किमान किती ओळी राहाव्यात ते सांगणारे), दोन्हींचं मूळ मूल्य २. फायरफॉक्सने ते वर्षानुवर्षं घेतलेच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. आणि फ्लेक्स-ग्रिडची (ठोकळे रांगांत किंवा चौकटींत लावणारी) मांडणी प्रिंटमध्ये साध्या, एकाखाली एक अशा ब्लॉकवर आणा, जुने ब्राउझर ती वेडीवाकडी तोडतात.

‘पेज-ब्रेक’ने सुरू होणारी जुनी नावं १९९८च्या सीएसएस २मधली. ती अजून चालतात, पण नव्याने लिहिताना ‘ब्रेक’चीच वापरा.

राहिला प्रश्न ब्राउझरवर सोडायचं की सर्व्हरवर पीडीएफ बनवून द्यायची. बिलं किंवा प्रमाणपत्रं असतील आणि छापील रूप सगळीकडे तंतोतंत तेच हवं असेल, तर पीडीएफच. त्यासाठीच्या साधनांपैकी वीझीप्रिंट मोफत आहे. प्रिन्सला व्यावसायिक वापरासाठी पैसे मोजावे लागतात. समासात आपल्याला हवा तसा पानक्रमांक क्रोमला २०२४मध्ये, आवृत्ती १३१पासून जमू लागला. वीझीप्रिंट आणि प्रिन्सला तो आधीपासूनच येतो. वाचक स्वतःच छापणार असेल तर पीडीएफची उठाठेव कशाला? ‘अव्हॉइड’च्या चार ओळी पुरतात.

इतिवृत्तात मी शेवटचा ठराव आणि सह्या एकाच डिव्हमध्ये बांधल्या. पानं तीनच राहिली, पण तिसऱ्यावर आता सह्यांच्या डोक्यावर ठराव असतो.