घरपोच फ्लू लसीकरण सेवा: शीतपेटी चोख, सल्ला अपुरा

मेअखेरीस, पावसाळी तापांची साथ सुरू होण्याआधी, पुण्यातील आमच्या घरी चौघांनी एका खासगी घरपोच सेवेकडून फ्लूची लस टोचून घेतली. वडील ७८ वर्षांचे, आई ७२ वर्षांची, मी ४६ आणि पत्नी ४३. गुडघ्यांमुळे वडिलांना जिना उतरवत नाही, म्हणून लशीच्या छापील किमतीखेरीज घरी येण्याचे वेगळे शुल्क द्यायला आम्ही तयार झालो, आणि ते पैसे वाया गेले असे मुळीच म्हणणार नाही.

सिस्टर ठरल्या वेळी आल्या. त्यांनी शीतपेटी उघडून आतल्या थर्मामीटरवरचा ५ हा आकडा स्वतःहून वडिलांना दाखवला. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते आणि एकदा गोठली की टाकून द्यावी लागते, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. प्रत्येक वेष्टनावरची मुदत आमच्याकडून वाचून घेतली. वडिलांच्या सैल पडलेल्या दंडावर स्नायू बोटांनी चाचपून, त्यांना हात मोकळा सोडायला लावून, मगच सुई टोचली. नंतर अर्धा तास त्या थांबल्या. एवढी काळजी मी दवाखान्यातही क्वचितच पाहिली आहे.

तक्रार त्यानंतरची आहे. त्याच संध्याकाळी आईच्या दंडावर दोन बोटे रुंद लाल चट्टा उठला आणि तिला कणकण आली. पत्नीचा हात दोन दिवस ठणकत होता. मला आणि वडिलांना काहीच जाणवले नाही. वडिलांना शंका आली की लस लागू पडली की नाही. सेवेच्या मदत क्रमांकावर विचारले तर उत्तर मिळाले, ‘त्रास झाला नाही म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती भक्कम आहे.’ हे उत्तर चुकीचे आहे. हात दुखण्यावरून एखाद्या माणसाला किती संरक्षण मिळाले हे ठरवता येत नाही, आणि ७८ वर्षांच्या पुरुषाला तर असा दिलासा देऊच नये.

फ्लूच्या लशीनंतर स्त्रियांमध्ये प्रतिपिंडे (विषाणूला निकामी करणारी प्रथिने, म्हणजे अँटीबॉडीज) सरासरीने अधिक तयार होतात आणि त्यांना हात सुजणे, ताप येणे हेही अधिक होते. १८ ते ६४ वयोगटातील निरोगी प्रौढांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात अर्ध्या मात्रेनंतर स्त्रियांनी दिलेला प्रतिसाद पूर्ण मात्रा घेतलेल्या पुरुषांच्या तोडीचा निघाला. कारणे अनेक आहेत. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, ओळखणाऱ्या टीएलआर-७ या प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांच्या काही पेशींमध्ये त्याच्या दोन्ही प्रती चालू राहतात. संप्रेरकांचाही (हार्मोन्सचाही) वाटा असतो. मात्र जोरदार प्रतिसाद नेहमीच हिताचा असतो असेही नाही, कारण संसर्गात तोच प्रतिसाद अनावर झाला तर फुफ्फुसांना इजा करतो.

वयाचा परिणाम याहून जड आहे. टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, जिथे तयार होऊन बाहेर पडतात ती थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते, त्यामुळे उतारवयात नव्या विषाणूला ओळखणाऱ्या ताज्या पेशी कमी पडतात, आणि दुसरीकडे शरीरात मंद दाह मात्र सतत धुमसत राहतो. कोविडमध्ये वृद्ध पुरुषांचे मृत्यू अधिक झाले त्यामागचे एक कारण २०२० मध्ये पुढे आले: अत्यवस्थ ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला (विषाणूंना रोखणाऱ्या शरीराच्या प्रथिनाला) निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते.

वय नेहमी तोट्याचेच असते असे नाही, हे पुणेकरांना सांगायला हवे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी याच शहरात घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. त्या साथीत जगभर वृद्धांना लागण तुलनेने कमी झाली, कारण १९५७ पूर्वी फिरणाऱ्या एच१एन१च्या (स्वाइन फ्लूचा विषाणू ज्या गटातला आहे त्याच्या) प्रकारांची ओळख अनेकांच्या शरीरात शिल्लक होती. वडिलांचा जन्म १९४७ चा. लहानपणीचा एखादा ताप त्यांना तेव्हा उपयोगी पडला असेल.

ही सगळी माहिती सिस्टरनी द्यावी अशी अपेक्षा नाही. पण सेवेने चौघांच्या हाती एकच छापील पत्रक ठेवले, आणि त्यात वय किंवा स्त्री-पुरुष भेदाचा शब्दही नव्हता. पासष्टीपुढील लोकांसाठी अमेरिकेत २००९ पासून चौपट मात्रेची लस मान्य आहे, म्हणजे प्रत्येक विषाणूप्रकारासाठी १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम प्रतिजन (लशीतला जो अंश ओळखून शरीर प्रतिपिंडे बनवते तो). आपल्यासाठी असा काही पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे, एवढे एक वाक्य पत्रकात सहज मावले असते. मदत क्रमांकावरच्या त्या उत्तरावर विसंबून वडील पाचव्याच दिवशी मास्क न लावता एका गर्दीच्या लग्नाला निघाले होते. प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, हे मी सांगितल्यावर ते थांबले.

लस टोचण्याच्या कामाला मी पाचपैकी पाच गुण देतो, सल्ल्याला दोन. पुढच्या मे महिन्यात याच सिस्टरना बोलावणार आहे. वडिलांना कोणती लस द्यायची हे मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घेईन.