तुरीच्या दाण्याएवढी लेन्स : कडक, पाण्यातली की कोरडी?

तालुक्याच्या गावी माझं चष्म्याचं दुकान आहे. कापसाचे चुकारे हातात आले की घरोघरच्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू आठवतात, आणि दुकानात येणारा जो तो मोतीबिंदू काढून त्या जागी बसवायच्या लेन्सबद्दल एकच विचारतो, "भाऊ, मायच्या डोयात इंडियन टाकू का फॉरेनची?"

मी म्हणतो, देश विचारू नका, माल विचारा. मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये १९९२ पासून लेन्स बनतात आणि बाहेरच्या देशांतही जातात. म्हणजे आपली इंडियन तिथे फॉरेनच. खरा फरक पडतो तो लेन्स कशाची आहे आणि तिची कड कशी कापली आहे यावर.

पहिला प्रकार कडक लेन्सचा, म्हणजे पीएमएमए. शिबिरात अनेकदा हीच बसवतात. हे एक प्रकारचं ॲक्रिलिक प्लास्टिक. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या काचेचे, म्हणजे याच प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा त्यांच्यावर चिडला नाही. हे पाहून हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिली लेन्स बसवली. इतकी वर्षं डोळ्यात काढलेला दुसरा माल नाही. टिकण्याच्या बाबतीत तिच्यात खोट काढायला जागा नाही.

अडचण एकच, ती दुमडत नाही. पाहायचा गोल भाग साधारण ६ मिमीचा, तुरीच्या दाण्याएवढा. तो आत सरकवायचा तर चीरही ६ ते ७ मिमीची लागते. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत ती चीर बुबुळाच्या बाहेर, पांढऱ्या भागातून तिरपी घेतात आणि ती आपोआप मिटते. फोल्डेबल लेन्स गुंडाळून जाते, तिला २.२ ते २.८ मिमी पुरतात. चीर मोठी असली की सिलिंडरचा, म्हणजे तिरपेपणाचा नंबर थोडा जास्त उरू शकतो. माझ्या काउंटरवर हा फरक रोज दिसतो. शिबिरातून आलेल्याला दूरचाही चष्मा लागण्याची शक्यता जास्त. पण चष्मा लावल्यावर दिसण्यात फारसा फरक राहत नाही. नेपाळमध्ये डॉ. संदुक रुईत यांच्या चमूने १०८ रुग्णांवर दोन्ही पद्धती, ही बिनटाक्याची आणि मशीनने मोतीबिंदू फोडून काढायची (फेको), ताडून पाहिल्या. २००७ साली निष्कर्ष छापून आले : सहा महिन्यांनी नजर जवळपास सारखीच, आणि बिनटाक्याची पद्धत जास्त झटपट आणि स्वस्त.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात जातो तोच मुळी बांधावरचा बैल दिसेनासा झाल्यावर. तोवर मोतीबिंदू पिकून तपकिरी, टणक झालेला असतो. असा दगड मशीनने फोडताना बुबुळाला इजा होण्याची भीती वाढते. अशा वेळी डॉक्टर स्वतःहून बिनटाक्याची शस्त्रक्रिया आणि कडक लेन्स सुचवत असतील, तर "गरीब पाहून साधी टाकते" असं मनात आणू नका.

फोल्डेबलमध्ये सिलिकॉनचं एका ओळीत आटोपतो. आता ती क्वचितच वापरतात, आणि पुढे पडद्याच्या (रेटिनाच्या) शस्त्रक्रियेत डोळ्यात सिलिकॉन तेल भरायची वेळ आली तर ते तेल तिला चिकटतं. उरतात मऊ ॲक्रिलिकच्या दोन जाती. पैसे मोजायचा प्रश्न इथेच येतो आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोघींना फोल्डेबलच म्हणतात.

हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरणारी. तिच्या अंगात साधारण १८ ते २६ टक्के पाणी असतं. ती कुपीत पाण्यात बुडवलेली येते. मऊ, बारीक चिरेतून सहज जाणारी आणि स्वस्त. हायड्रोफोबिक, म्हणजे पाण्याला दूर ठेवणारी. पाणी अगदी नाममात्र, बहुधा कोरड्याच डबीत येते, आणि महाग.

जास्तीचे पैसे कशाचे? दोन गोष्टींचे. पहिली, जाळी. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागच्या पापुद्र्यावर पेशी वाढतात आणि पुन्हा धुकं येतं. हायड्रोफोबिकमध्ये हे कमी होतं, कारण ती पापुद्र्याला चिकटून बसते. तरी बरंचसं श्रेय मालाचं नाही, चौकोनी कडेचं. धारदार कड पेशींना बांधासारखी अडवते, म्हणून "स्क्वेअर एज आहे का?" हे आवर्जून विचारा. जाळी आलीच तर याग लेझरने काही मिनिटांत काढतात, पट्टी नाही की चीर नाही. पण गावातून लेझर असलेल्या दवाखान्यापर्यंत जाणं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि सोबत एक माणूस. हिशेबात तेही धरा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पाणी धरणाऱ्या लेन्सवर क्वचित कॅल्शियमचे कण साचतात आणि लेन्सच पांढुरकी होते. डोळ्यात हवा किंवा गॅस भरण्याची पुढची शस्त्रक्रिया झाली तर हा धोका वाढतो. याला लेझर चालत नाही, लेन्सच बदलावी लागते. माझ्या थोरल्या मामांचं हेच झालं. साखरेचा आजार जुना. शहरातल्या एका दवाखान्यात "फॉरेनची फोल्डेबल" म्हणून पैसे भरले. तीन वर्षांनी पडद्याची शस्त्रक्रिया झाली, गॅस भरला, आणि काही महिन्यांत पुन्हा धूसर. दुसऱ्या ठिकाणी जाळी समजून याग केलं, फरक शून्य. उलट लेझरने मागचा पापुद्रा उघडल्यामुळे लेन्स बदलणं अवघड होऊन बसलं. कोणती लेन्स आहे, हे सांगणारा चिटोराही घरात नव्हता.

म्हणून मधुमेह असेल, पडदा किंवा बुबुळ आधीच कमजोर असेल, तर मी घरच्या माणसालाही सांगेन, ऐपत असली तर हायड्रोफोबिकच घ्या. बाकी तब्येत ठणठणीत आणि बजेट तंग असेल, तर चौकोनी कडेची हायड्रोफिलिक वाईट नाही. हायड्रोफोबिकमध्ये कधीकधी बारीक चकाकणारे पाण्याचे थेंब दिसतात. तपासणीत डॉक्टरला दिसतात, पेशंटच्या नजरेला सहसा त्रास नसतो.

एक पळवाट ओळखून ठेवा. "हायड्रोफोबिक सरफेस" असं लिहिलं असेल आणि पाण्याचं प्रमाण २५ टक्के असेल, तर ती हायड्रोफिलिकच. वरून नुसता लेप. आणि मल्टिफोकल, म्हणजे दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी, हा मालाचा प्रकार नव्हे, नंबरच्या रचनेचा आहे. तो वेगळा खर्च, वेगळा विचार. पिवळ्या लेन्सने पडदा वाचतो याला भक्कम पुरावा नाही. आणि हो, दर मे महिन्यात कुणीतरी विचारतंच, आपल्या ऊनात लेन्स वितळते का? पीएमएमए मऊ पडायलाच शंभराच्या वर अंश लागतात. तोवर आपणच उरणार नाही.

पैसे भरण्याआधी खोक्यावरचं नाव बघून घ्या. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर, लेन्स जिच्यात बसवतात ती डोळ्यातली पिशवी फाटली तर ठरलेली लेन्स बसवता येत नाही, डॉक्टर दुसरी निवडतात. ती फसवणूक नव्हे. दवाखान्यातून सुट्टी मिळताना मात्र लेन्सचं कार्ड मागून घ्या. त्यावर स्टिकर असतो : मॉडेल, पॉवर, सिरियल नंबर. परवा एक आजी दुसऱ्या डोळ्यासाठी विचारायला आल्या. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून सहा वर्षांपूर्वीचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हेच पाह्य बाप्पा, मले काही वाचता येत नाही."

मी वाचलं. कडक, पीएमएमए. त्या डोळ्याने आजी अजून तांदूळ निवडतात.